राक्षसाच्या पोटातलं वांगं

३ मार्च, मंगळवार. दुपार.

आज आलेलं सामान:
साबणाच्या वड्या, चार: वीस.
मीठ: चार.
काड्यापेट्या, डझन: साडेपाच.
वांगं एक, दोन बैठकांचं, देठासकट: साडेसहाशे.
हातगाडीवाला: चाळीस. (पन्नास मागत होता.)

काड्यापेट्या घासाघीस करून आठ आण्यांनी कमी पाडल्या. एकंदर दिवस काटकसरीचा गेला.

वांग्याचा खुलासा लिहून ठेवते, नाहीतर महिनाअखेरीस हिशेब जुळवताना माझी मलाच उलटतपासणी घ्यावी लागेल. हे वांगं भाजीचं नव्हे. आमच्या लहानपणी खेळबाग होती, तिच्यात ‘राक्षसाचं पोट’ नावाचा खेळ होता. रुळांवरून मोठमोठ्या भाज्या यायच्या. मुळा, भोपळा, गाजर, वांगं. एकेका भाजीत दोन दोन पोरं बसायची आणि राक्षस आ वासून ती गिळायचा. मग अंधार, दात, लोंबती पडजीभ, पोटातली गुरगुर. शेवटी राक्षसाला शिंक यायची आणि आपण नाकपुडीतून उजेडात! बाग मागच्या वर्षी बंद झाली. परवा भंगारवाल्याकडे जुनी बादली बघायला गेले, तर वांगं कोपऱ्यात पालथं पडलेलं. भोपळा एका शाळेने वाळू भरायला नेला म्हणे, मुळ्याचे तुकडे झाले. वांग्याचा देठ मोडून पुन्हा चिकटवलेला दिसला, तेव्हाच ओळखलं. तो मीच मोडला होता.

अर्थात हे मी माझ्यासाठी घेतलेलं नाही. या वयात मला काय करायचंय? हे टिल्लूसाठी. टिल्लू म्हणजे माझा भाऊ, भावंडांत मधला. वय त्रेचाळीस, लांबच्या शहरात मोठा इंजिनियर. दहा एप्रिलला आठ दिवसांसाठी येतो आहे. मला आणि धाकट्या बहिणीला त्याने एकाच मजकुराचं पत्र टाकलं, की जिथे सोय होईल तिथे उतरेन. सोय! मागच्या खेपेला धाकटीकडे उतरला, कारण तिच्याकडे भिंतीतून गरम पाणी येतं. मी थोरली असून माझ्याकडे दोन वेळा जेवायला आला, पाहुण्यासारखा. यंदा तो माझ्याकडेच उतरला पाहिजे. गरम पाणी कोणाच्याही भिंतीतून येईल. बालपण येतं का?

देवाच्या कानावर घातलं आहे. टिल्लू माझ्याकडे राहिला तर रोज दोन माळा जास्त जपेन. काम झाल्यावर. आगाऊ नाही.

३ मार्च, संध्याकाळ.

वांगं दारातून आत जात नाही. तपशील उद्या.

४ मार्च, बुधवार.

तपशील. भंगारवाल्याने वांगं मोजून दिलं, रुंदी सहा विती. मी घरी येऊन दार मोजलं, सात विती. सातातून सहा गेले, राहिली एक. मॅट्रिकला गणितात मला बासष्ट मार्क आहेत, हिशेबात चूक नाही. घोळ इतकाच, की दार मोजणारी वीत माझी आणि वांगं मोजणारी वीत भंगारवाल्याची. तो माणूस जन्मभर लोखंड उचलतो. त्याचा पंजा म्हणजे सुपडं.

हे म्हणाले, घरात साधी टेप नाही का? म्हटलं, देवाने प्रत्येकाला हाताबरोबर वीत फुकट दिली असताना टेपेला पैसे कोण घालील?

वांगं रात्रभर फाटकाशी होतं. वरच्या मास्तरीणबाईंनी गॅलरीतून विचारलं, काय हो, पेरलंत की आपोआप उगवलं? शिकलेल्या बायकांच्या तोंडी लागू नये.

५ मार्च, गुरुवार.

सुतार येऊन गेला. तो म्हणाला, देठ कापा नाहीतर दाराची चौकट काढा. ह्यांनी ताबडतोब देठाविरुद्ध मत दिलं. पण देठ नसेल तर ते वांगं कसलं? जांभळा टब. चौकट काढली. वांगं आत आलं. चौकट परत बसवली. सुताराचे तीनशे.

दार आता शेवटचं बोटभर लागत नाही. हवा खेळती राहील, पंखा कमी लागेल. वर्षा-दोन वर्षांत सुतार वसूल.

पुढच्या खोलीत वांगं आणि दिवाण एकत्र मावत नाहीत, म्हणून दिवाण मास्तरीणबाईंकडे ठेवायला दिला. हे म्हणाले, मग टिल्लू झोपणार कशावर? इतक्या आनंदाच्या प्रसंगी ह्यांना झोपच सुचते.

८ मार्च, रविवार.

मुलीला सुट्टी होती. बँकेत लागल्यापासून ती प्रत्येक गोष्टीला तारण मागते. वांग्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, आई, मामाला हे आवडायचं असं नक्की कोण म्हणालं? मामा म्हणाला?

म्हटलं, म्हणायला कशाला हवं? मी शेजारी बसलेली असायचे. राक्षसाने तोंड उघडलं की टिल्लू माझ्या फ्रॉकला असा बिलगायचा की शिवण उसवायची. दातांपासून शिंकेपर्यंत एका सुरात ओरडायचा, आनंदाने. बाहेर आल्यावर तर शब्द फुटत नसे, इतका भारावून गेलेला असायचा. कित्येकदा त्या रात्री जेवायचासुद्धा नाही.

मुलीने वांग्यातल्या बैठकीवरून हात फिरवला. मग म्हणाली, बिचारा.

म्हटलं, हो ना. बाग बंद पडल्याचं कळेल तेव्हा किती लागेल त्याच्या मनाला!

१० मार्च, मंगळवार.

वांग्याच्या दुसऱ्या बैठकीत कांदे-बटाटे ठेवले. टोपलीचा खर्च वाचला. वस्तू घेताना अशी बहुगुणी घ्यावी.

१२ मार्च, गुरुवार.

नुसतं वांगं दाखवून भागणार नाही. टिल्लूला अख्खं पोट दाखवायचं ठरवलं आहे. योजना अशी. खिडकीला काळी चादर. दाराआड पिंप, त्यावर मुलगी बुक्क्या मारील, ती गुरगुर. पडजीभ म्हणून लाल मोजा, आत कापूस भरून. ह्यांनी राक्षस व्हायचं.

हे म्हणाले, तीस वर्षं कचेरीत साहेबापुढे मान खाली घालून काढली, आता राक्षस व्हायला सांगतेस? मी समजूत काढली की गिळायचं काम यंत्राचं असायचं, तुम्ही फक्त शिंकायचं. तयार झाले. धुळीने त्यांना शिंका येतातच. पिंपावरची धूळ मुद्दाम पुसली नाही.

बागेची शिस्त आठवली. राक्षसाच्या तोंडाशी एक शिट्टीवाला उभा असे. तो एकट्या पोराला वांग्यात बसू देत नसे. दुसऱ्या बाजूला वजन नसेल तर वांगं वळणावर कलंडतं म्हणायचा. म्हणून मी दर खेपेला टिल्लूला बरोबर न्यायचे. त्याला बाहेर फुगेवाल्यापाशी उभं राहायचं असायचं, भोकाड पसरायचा, पण मी त्याचं नुकसान होऊ दिलं नाही. ओढत न्यायचे. आजकालच्या बहिणी इतकं करतील का?

१३ मार्च, शुक्रवार.

दुपारी वांग्याची तपासणी केली. डोळे मिटून अर्धा तास. बैठक मजबूत आहे.

१४ मार्च, शनिवार.

पुन्हा तपासणी. पाऊण तास. जप वांग्यात बसूनच केला. देव सगळीकडे आहे.

१६ मार्च, सोमवार. घाईत.

निश्चय: एकटीने बसायचं नाही.

कारण: सकाळी कांदे-बटाटे निवडायला बाहेर काढले होते, आणि मी दुपारच्या तपासणीला बसले. दुसऱ्या बाजूला वजन नाही हे ध्यानात आलं नाही. पडजिभेची आठवण होऊन थोडी पुढे वाकले मात्र, वांगं कलंडलं. मी खाली, वांगं वर. घरात कोणी नव्हतं. देवाचा धावा केला, तर विजेचं मीटर बघणारा आला. दार लागत नाही याचा केवढा फायदा! त्याने वांगं उचललं आणि विचारलं, काकू, आत कशा शिरलात? मी म्हटलं, रीडिंग किती झालं ते सांगा.

तपासणीचा निष्कर्ष चांगला आहे. वांगं पूर्वीसारखंच कलंडतं. म्हणजे माल अस्सल.

१८ मार्च, बुधवार.

धाकटी न सांगता आली. मास्तरीणबाईंनी बातमी पोचवली असणार. उंबऱ्यातच उभी राहून इतकी हसली की शेवटी वांग्यालाच टेकली. म्हणाली, ताई, दादाला राहायला बोलावलंयस की भाजीला? वर म्हणते, मी त्याच्यासाठी नवी गादी करून घेतली आहे, तू काय, मसाला करणार?

तिचं दुःख मला ठाऊक आहे. ती तेव्हा उंचीच्या पट्टीखाली होती, शिट्टीवाला तिला आत सोडत नसे. ज्याला पोट मिळालं नाही त्याला पोटाची किंमत काय? हे मी गोड शब्दांत सांगितलं. तर म्हणते, मी आईचा हात धरून बाहेर उभी असायचे, आणि आत दादा ठो ठो बोंबलायचा ते मला अजून ऐकू येतं. आई म्हणायची, थोरलीला एकदा समजावलं पाहिजे.

आईने मला कधी काही समजावल्याचं आठवत नाही. म्हणजे धाकटीची आठवण कच्ची.

टिल्लूला फोनवर यातलं काही सांगायचं नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिच्याकडे फोन आहे. आमच्याकडे नाही, कारण ज्याला खरं बोलायचं असतं तो पत्र लिहितो. तिने लगेच कबूल केलं. इतक्या लगेच कबूल करायला नको होतं.

२२ मार्च, रविवार.

रंगीत तालीम. टिल्लूच्या जागी मास्तरीणबाई बसल्या. बोलावलं नव्हतं. दिवाण ठेवून घेतल्याचा हक्क.

खिडकीला चादर लावली. मुलीने पिंपावर बुक्की मारली. धूळ उडाली. ह्यांना शिंक आली, पण ती राक्षसाने दात दाखवण्याआधीच. मग थांबेचना. लागोपाठ शिंकत हे स्वयंपाकघरात गेले, तिथूनही शिंकतच होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, आपण किती वेळा बाहेर पडायचं? अंधारात मोज्याची पडजीभ त्यांच्या मानेला लागली. त्या किंचाळल्या. अगदी टिल्लूसारख्या!

उतरल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पाणी मागितलं. रात्री जेवल्या नाहीत असं आत्ताच कळलं. तालीम यशस्वी.

२६ मार्च, गुरुवार.

टिल्लूचं पत्र.

धाकटीने फोनवर सगळं सांगितलं. मोज्यासकट.

लिहितो की तो अजून लिफ्टमध्ये शिरत नाही. सहाव्या मजल्यावरच्या ऑफिसात रोज जिन्याने जातो आणि साहेबांना वाटतं तब्येत सांभाळतो. घरात दिवा लावून झोपतात ते त्याच्यासाठी. मुलं समजतात बाबांना वाचायची आवड आहे. लिहितो की मला ते वांगं कधीच आवडलं नव्हतं ताई, तुला आवडायचं. तुला एकटीला बसू देत नव्हते म्हणून तू मला ओढत न्यायचीस. मी पलीकडे ठेवलेला धोंडा होतो. राग नाही, पण त्या वांग्यासमोर मला झोप लागणार नाही. धाकटीकडे उतरतो.

पत्र पुन्हा वाचलं. अक्षर सुधारलं आहे.

२६ मार्च, संध्याकाळ.

विचार केला. दातांमधल्या फटी, पडजिभेचा ओला वास, शिंकेआधीचा तो झटका, सगळं त्याने पत्रात बरोबर लिहिलं आहे. न आवडलेल्या गोष्टीचं इतकं कोणाला आठवतं? आणि रोज सहा मजले चढतो, म्हणून तर त्रेचाळिसाव्या वर्षी पोट सुटलेलं नाही. याचं श्रेय कोणाला, हे सांगायला नको.

जपात आज मणी चुकले. परत पहिल्यापासून.

२८ मार्च, शनिवार.

वांगं काढून टाकायचं ठरवलं. निश्चय पक्का.

भंगारवाला बघून गेला. म्हणाला, ऐंशी देतो. म्हटलं, साडेसहाशेचं वांगं चार आठवड्यांत ऐंशीवर? म्हणाला, काकू, वांगं एकदा घरी नेलं की परत कोण घेतं? मी घेतोय हेच नशीब.

शिवाय बाहेर काढायला चौकट पुन्हा उतरवावी लागेल. सुतार तीनशेच्या खाली येत नाही. म्हणजे विकलं तर पदरचे दोनशेवीस जातील, ठेवलं तर काहीच जात नाही. हिशेब स्पष्ट आहे. माझी इच्छा नसताना केवळ काटकसर म्हणून ठेवावं लागतंय.

२९ मार्च, रविवार.

काळी चादर काढून धुतली. मोज्यातला कापूस काढून उशीत भरला, मोजा ह्यांना दिला. जोडीतला दुसरा सापडत नाही.

दुपारी वांग्याच्या काठाशी उभी होते. हे आले, कांदे-बटाटे बाजूला केले, पलीकडच्या बैठकीत बसले आणि मला म्हणाले, बस. बसले. वांगं जराही कलंडलं नाही. ह्यांनी विचारलं, आता राक्षस कुठवर आला? मी म्हटलं, दात. त्यांनी मान हलवली आणि इकडे तिकडे बघितलं. त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

मनाने फार चांगले आहेत. पण ते कधी गिळले गेलेले नाहीत. त्या पोटात माझ्याबरोबर गेलेलं माणूस जगात एकच आहे, आणि ते धाकटीच्या नव्या गादीवर झोपणार आहे.

३१ मार्च, मंगळवार.

महिनाअखेर. जमाखर्च जुळला. वांगं ‘किरकोळ’मध्ये टाकलं.

देवाला सांगितलं, काम झालं नाही तरी दोन माळा जपते. आता मागे घेणं बरं दिसत नाही.

टिल्लूला पत्र लिहिलं. सहा कागद फाडले. पाठकोरे होते, म्हणून नुकसान नाही. सातवा टाकला, त्याची नक्कल इथे ठेवते.

चि. टिल्लू यास ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पावलं. तू धाकटीकडे उतरतोस हे योग्यच आहे. गादी मी स्वतः दाबून पाहिली आहे, कापूस चांगला घातला आहे. माझ्याकडे तशीही जागा नाही, ती का नाही हे तुला कळलंच आहे. धाकटीने मोज्याचं सांगितलं ते थोडं वाढवून सांगितलं असेल. मोजा धुतलेला होता.

तू लिहिलंस ते मी वाचलं. मला वाटायचं तू आनंदाने ओरडतोस. आत अंधार होता, तुझा चेहरा दिसत नसे. आणि खरं सांगायचं तर मी राक्षसाकडे बघत असायचे.

तुला त्यात बसवणार नाही. देवाशपथ. वरून चादर टाकून ठेवीन, तुला मोठं टेबल वाटेल. पण एक दिवस उजेडी माझ्याकडे ये आणि दिवसभर राहा. जेवायला नुसता पाहुण्यासारखा येऊ नकोस. काय करायचं ते या वेळी तू ठरव. मी नुसती बरोबर बसेन.

फुगेवाल्याजवळ उभं राहून तू कशाकडे बघायचास, ते मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे मी तेव्हा मागे वळून बघितलंच नसणार. भंगारवाल्याकडे बागेचं बरंच सामान अजून पडून आहे, आणि या वेळी मी टेप घेऊन जाईन. तरी तुला त्या बागेत खरोखर काय आवडायचं, ते उलट टपाली कळव.